रेस्ट, रिलॅक्स आणि लीव्ह



गेल्या अंकात आपण फवारणीच्या औषधांच्या डब्यांवरील इंग्रजी शब्द पाहिले. आज जरा टेकू या. टेकण्याला इंग्रजीत शब्द तरी किती आहेत! मुले शाळेतून, पाहुणे मुंबई-पुण्याहून आणि डॉक्टर चिठ्ठीवरून ते आपल्या घरात आणतात. आपण त्या सर्वांचा अर्थ 'आराम' असा एकच लावतो आणि तेथेच घोटाळा होतो.

काम थांबवून अंगाला दिलेला विसावा म्हणजे रेस्ट. औत थांबवून घटकाभर बांधावर बसलात, ती रेस्ट झाली. रिलॅक्स निराळा. त्याचे मूळ लॅटिन भाषेत असून अर्थ आहे सैल सोडणे. जू उतरले की बैल मान झटकतो, अंग ढिले सोडतो, ते रिलॅक्स होणे. माणूस खाटेवर आडवा आहे, पण डोक्यात सोसायटीचा हप्ता घोळतो आहे, तर त्याला रेस्ट मिळाली, रिलॅक्स मात्र तो झाला नाही. मुलांनी एक ध्यानात ठेवावे. 'आय रिलॅक्स मायसेल्फ' असे लिहू नये. 'आय रिलॅक्स' एवढ्यात सारे येते.

ब्रेक म्हणजे कामातला छोटा खंड, शाळेची मधली सुट्टी किंवा खुरपणीतला चहा. नॅप म्हणजे डुलकी. शाळेच्या कवायतीतले 'विश्राम' इंग्रजीत 'स्टँड ॲट ईज' होते. त्यात पाय थोडे फाकवायचे, पण उभेच राहायचे. हा शब्द लक्षात असू द्या, पुढे लागेल.

हॉलिडे हा शब्द मुळात पवित्र दिवस, म्हणजे सणाचा दिवस. त्या अर्थाने आपला बैलपोळा हा बैलांचा अस्सल हॉलिडे, त्या दिवशी मानेवर जू नाही. आपला सुट्टी हा शब्द 'सुटणे'वरून आला. औत सुटते तशी शाळा सुटते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालविलेल्या खटपटीमुळे. गिरणीतले ते कामगार बहुतेक आपल्याच खेड्यांतून गेलेले होते. मागे गावी राहिलेल्यांना मात्र रविवार कोणी दिला नाही.

आता लीव्ह. 'आय ॲम ऑन लीव्ह' म्हणावे, 'इन लीव्ह' नव्हे. या शब्दाचा जुना अर्थ परवानगी. गंमत अशी की आपला रजा हा शब्द अरबीतून आला, त्याचाही अर्थ संमती, परवानगी. फुरसतीला इंग्रजीत लेझर म्हणतात, त्याच्या मुळाशीही 'मुभा असणे' हाच अर्थ आहे. म्हणजे रेस्ट आपली आपण घेता येते, पण लीव्हला देणारा लागतो. शेतकऱ्याचा साहेब पाऊस. तो श्रावणात झड लावून चार दिवस रजा देतो, तेव्हा आपण पारावर बसतो. पण त्या चार दिवसांत चूल बंद असते काय? धारा थांबतात काय? घरातल्या बाईला रजा द्यायची कोणी?

विश्रांतीची किंमत आपल्याला कळत नाही असे नाही. जमीन आपण पड टाकतो. डाळिंबाचा बहार धरण्याआधी पाणी तोडून बागेला विश्रांती देतो. (इंग्रजीत यालाच स्ट्रेस म्हणतात, आपण ताण म्हणतो. माणसाचा ताण आणि झाडाचा ताण यांत हा असा उलटा हिशेब.) गाभण गाय विण्याआधी सुमारे ६० दिवस आटवतो, कारण कासेला विसावा मिळाला नाही तर पुढच्या वेतात दूध घटते. इंग्रजीत हा ड्राय पीरियड. आठवडे मोजले तर साडेआठ भरतात. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. त्यांतील ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. गाईचा आणि या कायद्याचा हिशेब जवळजवळ सारखाच आहे. आपल्याच रानात राबणारी सून मात्र कोणाची नोकर नाही, म्हणून हा कायदा तिच्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून गरोदर सुनेच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी रेस्ट लिहिली असेल, तर तो शब्द नीट वाचा. नुसती रेस्ट आणि बेड रेस्ट यांत फरक आहे. बेड रेस्ट म्हणजे अंथरुणावरच पडून राहणे. ती सर्वांना लागत नाही, काहींना उगाच पडून राहणे बाधतेही. तेव्हा आपल्या मनाने अर्थ लावू नका. डॉक्टरांनाच विचारा : चालावे किती? भरली कळशी उचलावी काय? वाकून खुरपावे काय? दुपारी किती वेळ आडवे व्हावे? 'रानात येऊ नको, घरीच राहा' एवढे सांगून पुष्कळ घरांत रेस्ट झाली असे समजतात. मग घरी शेण, पाणी, भाकरी आहेतच. ती रेस्ट नव्हे, ते कवायतीतले विश्राम. हे उत्तर ऐकायला सासूबाईंनी आणि मुलानेही दवाखान्यात बरोबर जावे, म्हणजे ते सांगण्याचे ओझे सुनेवर पडत नाही.

पहिल्या बाळंतपणासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. बुडालेल्या मजुरीची काही भरपाई होऊन बाळंतपणाआधी व नंतर तिला विश्रांती घेता यावी, असा तिचा उद्देश आहे. पात्रतेचे नियम आणि कागदपत्रे अंगणवाडीताई किंवा आशाताई सांगतील. गरोदरपणाची नोंद लवकर करावी.

पुढील अंकात बियाण्याच्या पिशवीवरील खूणचिठ्ठीतले शब्द पाहू. रिकाम्या पिशव्या टाकून दिल्या नसतील तर जवळ घेऊन बसा.