इशारा पातळी

जुलै उजाडला की कसबा बावड्यात एकच प्रश्न असतो, "बंधाऱ्यावर किती झालं?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 वर गेली की धोका पातळी. हे आकडे पाचवीतल्या पोरालाही पाठ असतात. मधल्या चार फुटांत जनावरं वर हलवायची, धान्याची पोती माळ्यावर टाकायची, शाळेचे दाखले पिशवीत बांधून पाहुण्यांकडे पोचवायचे. पाणी दारात आल्यावर यातलं काहीच होत नाही.

मी इथल्या एका माध्यमिक शाळेत 24 वर्षं गणित शिकवते. मुलांच्या परीक्षेच्या भीतीबाबत आम्ही शिक्षक 39 फुटांकडे बघतच नाही. दहावीचा निकाल लागतो, कुठून तरी वाईट बातमी येते, मग आम्ही हळहळतो. 2022 साली देशात 13 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी जीव दिला आणि त्यात सर्वाधिक महाराष्ट्रातले होते, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. सगळ्यांचं कारण परीक्षा नव्हतं. तरी यातली कितीतरी मुलं रोज कुठल्या ना कुठल्या वर्गात, एखाद्या शिक्षकासमोर बसत होती.

माझी स्वतःची चूक आधी सांगते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांवर गेलं. शाळा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पोर्शन मागे पडला होता, म्हणून मी सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात घटक चाचणी घेतली. पेपर वाटताना सवयीनं नाव आणि गुण मोठ्यानं वाचले. आठवीतल्या एका मुलाला 20 पैकी 3 होते. वर्ग हसला, आणि मी हसणाऱ्यांना थांबवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

आठवड्यानं मी त्याच्या घरी गेले. भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती. फळीवर त्याच्या वह्या रचलेल्या, वाळून फुगलेल्या, शाई पसरून पानंच्या पानं निळी झालेली. आई म्हणाली, "मॅडम, रोज दप्तर भरतोय बघा, पण दारातनं पाय निघंना झालाय." पुरानं त्याच्या वह्या नासवल्या होत्या, पण शाळा मी सोडायला लावली होती.

त्यानंतर मी गुण वाचून दाखवले नाहीत. पेपर बाकावर उलटा ठेवते. मूल आपल्या वेळेनं कोपरा उचलून बघतं. वरकरणी ही फार लहान गोष्ट आहे, पण माझं ठाम मत आहे की परीक्षेची भीती बोर्डाच्या केंद्रावर जन्मत नाही. ती पेपर वाटण्याच्या तासाला, वर्षानुवर्षं, आमच्याच आवाजानं तयार होते.

दुसरा बदल मुलांनीच सुचवल्यासारखा झाला. चाचणीआधी मी फळ्यावर बंधाऱ्याची पट्टी काढली आणि म्हटलं, आज तुमच्या पोटात पाणी किती फुटांवर आहे ते पेपरच्या कोपऱ्यात लिहा. समजावून सांगावं लागलं नाही. 25, 31, 40. पहिल्याच वेळी 44 लिहिणारी मुलगी वर्गात पहिली येणारी होती. 20 पैकी 19 पडणाऱ्या मुलीला भीती वाटते, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, येतंय सगळं मला, पण एक गुण गेला तर घरात कोण बोलत नाही माझ्याशी." मी कच्च्या मुलांची काळजी करत बसले होते आणि ही मधल्या बाकावर एकटीच बुडत होती.

39 च्या खुणा आकडा न लिहिताही दिसतात. गणिताच्या चाचणीलाच दुखणारं पोट, खोडरबरनं फाटलेला कागद, उत्तर बरोबर असून पुन्हापुन्हा खोडणं. या खुणा टिपायची सोय 2010 पासून आमच्या हातात आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदी त्यासाठीच होत्या. पण बाजारात नोंदींची तयार पुस्तकं मिळतात आणि घाईत त्यातलीच वाक्यं उतरवली जातात. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती, साठ-पासष्टचा वर्ग, हे सगळं मी भोगते आहे. तरीही म्हणते, महिन्याला पाच मुलांबद्दल एक-एक खरं वाक्य लिहा.

आता पाचवी आणि आठवीलाही वार्षिक परीक्षेत नापास होण्याचा नियम परत आला आहे. पुनर्परीक्षेची संधी त्यात आहे. मग घटक चाचणीला का नसावी? माझ्या वर्गात आठवड्यानं तीच चाचणी पुन्हा देता येते आणि जास्तीचे गुण धरले जातात. चुकलेलं गणित सुधारणं हाच तर अभ्यास.

शाहू महाराजांचा जन्म याच बावड्यातला. 1917 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दंड मोठ्यांना होता, मुलाला नाही; जबाबदारी मोठ्यांचीच. म्हणून पालकसभेत मी गुणांचा तक्ता आणत नाही. निकालाच्या दिवशी घरी काय बोलणार ते आई-वडिलांकडून आधीच वदवून घेते, मुलांच्या देखत. आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असतो, तो दिवसरात्र लागतो.

दहावीच्या पोरांना बहुतेकदा परक्या शाळेत केंद्र येतं. परीक्षेआधीच्या शनिवारी मी सगळ्यांना तिथे घेऊन जाते. गेट कुठलं, नळ कुठे, जिना कुठून. 2023 पासून पेपरला शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात, ती कशी वापरायची ते तिथल्याच पायरीवर बसून बोलतो. गेल्या वर्षी एका मुलानं एका रिकाम्या वर्गात जाऊन बाकावर हात फिरवून बघितला. म्हणाला, "आपल्यासारखाच हाय की, मॅडम."