औषध कोणासाठी?

गोंडस शब्दांआड पुष्कळ काही लपवता येते. ‘बीजदान’ हा असाच एक शब्द. रक्तदान, नेत्रदान, देहदान यांच्या पंक्तीत तो इतक्या सहजतेने येऊन बसला आहे की, त्याच्या पानात नेमके काय वाढले आहे हे कोणी पाहतच नाही. निःसंतान दाम्पत्याला स्त्रीबीज देणारी तरुणी उदार, ते काढून घेणारे डॉक्टर उपकारकर्ते आणि जन्मणारे बालक म्हणजे विज्ञानाचा प्रसाद! या सुरेख चित्रात एकच गोष्ट रंगवायची राहून जाते. ती म्हणजे त्या तरुणीचे शरीर.

निसर्गनियमाने स्त्रीच्या शरीरात दर महिन्याला सामान्यतः एकच बीज परिपक्व होते. एका बीजाने व्यवहार भागत नाही. म्हणून साधारण आठ ते बारा दिवस तिला रोज संप्रेरकांची, म्हणजे हार्मोनची, इंजेक्शने देतात. अनेक बीजे एकाच वेळी वाढवतात, ती पक्व करण्यासाठी शेवटचे इंजेक्शन देतात आणि सुमारे छत्तीस तासांनी भूल देऊन सुईने ती शोषून घेतात. बहुतेकींचे पोट थोडे फुगते आणि ओसरते. काहींच्या बाबतीत मात्र बीजकोश प्रमाणाबाहेर चेतवले जातात. मग रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातील पाणी व प्रथिने पोटात, कधी छातीतही साचतात. रक्त दाटते, त्याच्या गुठळ्या होऊ शकतात. मूत्रपिंडांकडे पुरेसे रक्त पोचत नाही, लघवी कमी होत जाते आणि मूत्रपिंडे एकाएकी निकामी होण्याची वेळ येते. वैद्यकशास्त्रात या विकाराला ‘ओव्हेरियन हायपरस्टिम्युलेशन सिंड्रोम’ म्हणतात. त्याचे गंभीर रूप शंभरात एखाद-दुसरीला ग्रासते. वेळीच उपचार झाले तर मूत्रपिंडे बहुधा पूर्ववत होतात. न झाले तर प्राणावर बेतते. दिल्लीत २०१४ च्या जानेवारीत बीज देताना मृत्युमुखी पडलेल्या तरुणीच्या शवविच्छेदनात याच विकाराचे निदान झाले होते.

१९८६ हे साल मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात दोन कारणांनी लक्षात राहिले आहे. त्या वर्षाच्या आरंभी जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्याने चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला आणि औषध खात्यापासून मंत्रालयापर्यंत अनेकांची अब्रू चव्हाट्यावर आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिथून काही मैलांवरील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांना यश येऊन मुंबईतील पहिली परीक्षानळी-बालिका जन्मली. एका घटनेने शहर हादरले, दुसरीने आनंदले. जे. जे.मध्ये औषध अशुद्ध होते, म्हणून गुन्हेगार शोधता आला. बीजदानातील औषध शुद्ध असते, मात्रा पुस्तकाबरहुकूम असते, संमतिपत्रावर सहीही असते. म्हणून इथे कोणताही आयोग बसत नाही. परंतु औषध शुद्ध आहे एवढ्याने ते देणे न्याय्य ठरते काय?

प्रत्येक औषधाला धोका असतो. तो पत्करण्याचे समर्थन एकच : ज्याने धोका सोसायचा, त्याचेच हित त्यातून साधायचे असते. पोप पायस बारावे यांनी १९५२ साली वैद्यांपुढे हेच तत्त्व मांडले होते की, अवयव हा संपूर्ण देहाच्या हितासाठी आहे आणि त्या हितासाठीच त्यात हस्तक्षेप करावा. स्वतःला मूल व्हावे म्हणून ही इंजेक्शने घेणाऱ्या पत्नीच्या मार्गाविषयी ख्रिस्तसभेचे गंभीर आक्षेप आहेत. तरी ती निदान स्वतःच्या इच्छेसाठी सोसते. बीज देणारी तरुणी तर ठणठणीत असते. तिला कोणताही आजार नाही, औषधाने तिचे काहीच बरे व्हायचे नाही. निरोगी माणसाला दुसऱ्याच्या इच्छेखातर आजारी पडण्याच्या वाटेवर सोडणे, याला चिकित्सा हे नाव कसे द्यावे?

कोणी विचारील, “मग मूत्रपिंडदानाला ख्रिस्तसभा कशी मान्यता देते?” प्रश्न रास्त आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या आपल्या विश्वपत्रात अवयवदानाचा गौरव केला आहे. परंतु तिथे मरणाच्या दारातील माणूस वाचतो आणि दान खरोखर दान असते. १९९४ च्या कायद्याने आपल्या देशात मूत्रपिंड विकणे हा गुन्हा ठरला. तेव्हा विसंगती पाहा : मूत्रपिंड विकले तर तुरुंग, पैशांसाठी तेच मूत्रपिंड पणाला लावले तर ‘दान’!

“आता कायदा झाला आहे,” असेही सांगितले जाते. होय, २०२१ चा कायदा स्त्रीबीजाच्या विक्रीला मनाई करतो. दाती २३ ते ३५ वर्षांची असावी, तिने आयुष्यात एकदाच बीज द्यावे, सातांहून अधिक बीजे काढू नयेत, बारा महिन्यांचा विमा उतरावा, असे तो बजावतो. हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण हा कायदा काढलेली बीजे मोजतो. अंगात किती औषध गेले आणि किती बीजे वाढली, हे मोजत नाही. विम्याची सक्ती म्हणजे तर धोक्याची सरकारी कबुलीच. आणि अनोळखी दाम्पत्यासाठी गरीब घरची मुलगी बारा दिवस सुया टोचून घेते ती निव्वळ परोपकारबुद्धीने, यावर कोणाचा विश्वास बसेल? २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईत सतरा वर्षांची एक कष्टकरी मुलगी बीज दिल्यानंतर दोन दिवसांत मरण पावली. मृत्यूच्या कारणाविषयी वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. कारण काहीही असो. सतरा वर्षांची मुलगी त्या टेबलावर पोचली ती दारिद्र्याचे बोट धरूनच.

महाड-पोलादपूरच्या डोंगरकुशीत या शहरी प्रश्नाचे काय, असे कृपया म्हणू नका. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बिरवाडीत रसायनांची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. इथल्या मुली कामासाठी मुंबई-पुण्याला जातात, आणि हा विकार पुष्कळदा बीज काढल्यानंतर काही दिवसांनी उफाळतो. म्हणजे तोवर मुलगी एस.टी.ने घरी आलेली असणार. पोट फुगले, उलट्या झाल्या, तर घरचे म्हणणार, पित्त झाले. ती लाजेने इंजेक्शनांविषयी बोलणार नाही आणि गावच्या डॉक्टरांना कळायला मार्ग नाही. म्हणून मातापित्यांनो, हे ध्यानात ठेवा : अशा औषधांनंतर पोट तटतटणे, एकाएकी वजन वाढणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर तासभरही न दवडता मोठे रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना सारे खरे सांगा. मुलीला रागे भरायला पुढे आयुष्य पडले आहे.

निःसंतान दाम्पत्याचे दुःख मला क्षुल्लक वाटत नाही. हन्नाचे अश्रू पवित्र शास्त्रानेच टिपले आहेत. पण त्याच शास्त्रात हागारही आहे. साराला मूल हवे होते, म्हणून दासी हागारचा देह वापरण्यात आला. तिची इच्छा कोणी विचारली नाही आणि अखेर तिला अरण्यात घालवून दिले. तिथे तिचा आक्रोश परमेश्वराने ऐकला. मूल हे देवाचे देणे आहे, हक्काने वसूल करायचे येणे नव्हे, असे ‘दोनुम विते’ या १९८७ च्या सूचनापत्रात ख्रिस्तसभेने सांगितले. २००८ च्या ‘दिग्नितास पेर्सोने’ने वंध्यत्वावरील निर्दोष उपचारांना आणि दत्तकविधानाला प्रोत्साहन दिले. आपल्या धर्मग्रामांत दत्तक मुलाविषयी आजही कुजबुज होते. ती आपण थांबवली, तर किती तरी दाम्पत्ये दवाखान्याच्या वाटेऐवजी अनाथाच्या दाराकडे वळतील!

हिब्रू भाषेत मूत्रपिंड हे मनुष्याच्या सदसद्विवेकाचे स्थान मानले गेले आहे. परमेश्वर हृदय आणि मूत्रपिंडे पारखतो, असे तिथे म्हटले आहे. ज्या समाजात एका घराचा पाळणा हलावा म्हणून दुसऱ्या घरच्या लेकीची मूत्रपिंडे धोक्यात घालतात, त्या समाजाची पारख कशी होईल, हे सांगायला संदेष्टा लागत नाही.