पाहुणे वाघ घेऊन गेले, जंगलाचा खर्च आपण उचलूया

ग्वाल्हेरच्या मराठी बंधुभगिनींनो,

१ ऑक्टोबरला मध्य प्रदेशातले व्याघ्रप्रकल्प पावसाळ्याच्या सुट्टीनंतर उघडतात. शिवपुरीचा माधव व्याघ्रप्रकल्प त्यातलाच एक. आमच्या हजिरा भागातून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत तिथे पोहोचतो. दरवाजे उघडण्याआधी आपण मराठी घरांनी काही गोष्टी ठरवाव्यात, आणि त्या याच महिन्यात ठरवाव्यात, यासाठी हे आवाहन.

शिवपुरी ही ग्वाल्हेरच्या शिंद्यांची उन्हाळी राजधानी आणि भोवतालचं रान हे त्यांचं शिकारीचं रान. माधवराव महाराजांनी तर वाघाच्या शिकारीवर १९२० साली इंग्रजीत एक पुस्तकच लिहिलं. व्हाइसरॉय आले, युवराज आले, सगळे संस्थानचे पाहुणे. मचाण बांधलं जाई, आमिषाचं जनावर बांधलं जाई, आसपासच्या गावांतली माणसं वाघ हाकायला उभी राहत. कातडं पाहुण्याबरोबर जाई. खर्च संस्थानच्या तिजोरीतून होई, म्हणजे रयतेच्या साऱ्यातून.

स्वातंत्र्यानंतर पाहुणे पैसे मोजू लागले. मध्य प्रदेशात शिकारीचे ब्लॉक परवान्यावर मिळत आणि परदेशी शिकारी डॉलर घेऊन येत. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल तरुणपणी अशा सफारींची अल्विन कूपर ही कंपनी चालवत. १९७० साली वाघाची शिकार बंद झाली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि हे पर्व संपलं. ते संपलं हे उत्तमच झालं. शिकार पुन्हा सुरू करा, असं मी कधीही म्हणणार नाही.

पण शिकार थांबली तरी जंगलाचा खर्च थांबत नाही, आणि तो आजही चुकीच्या माणसांच्या माथी बसतो आहे. कुनो अभयारण्यात गीरचे सिंह आणायचे म्हणून चोवीस गावं उठवली गेली. सुमारे दीड हजार कुटुंबं, बहुतेक सहरिया आदिवासी. सिंह आलेच नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे आठ चित्ते आपल्याच महाराजपुऱ्याच्या विमानतळावर उतरले आणि हेलिकॉप्टरने कुनोत गेले. देशभर आनंद झाला, आपणही आनंदलो. त्या चोवीस गावांची आठवण त्या दिवशी किती जणांनी काढली? शिवपुरी जिल्ह्यातल्या करैऱ्यात माळढोकासाठी १९८१ साली अभयारण्य झालं. शेतकऱ्यांना स्वतःची जमीन विकता येईना. पक्षी नव्वदच्या दशकात दिसेनासा झाला, तरी जमिनींवरचे निर्बंध पुढे कित्येक वर्षं तसेच राहिले. अशाने गावकऱ्याला पक्षी शत्रूच वाटणार.

याउलट, ज्या नामिबियाने आपल्याला चित्ते दिले, तिथे १९९६च्या कायद्याने गावांच्या संस्थांना वन्यजीवांवर हक्क मिळाला. बाहेरून आलेला शिकारी आणि पर्यटक जे मोजतो, त्यातला वाटा गावाला मिळतो. अमेरिकेत परराज्यातल्या शिकाऱ्याला परवान्यासाठी स्थानिकाच्या कित्येक पट पैसे पडतात. बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामाला जातो. महाग परवान्याबद्दल हे शिकारी कुरकुरतात, पण जून २०२५मध्ये सार्वजनिक जमिनी विकायचा प्रस्ताव तिथल्या सेनेटमध्ये आला, तेव्हा विरोधात उभं राहणाऱ्यांत शिकारीही मोठ्या संख्येने होते. प्रस्ताव मागे घ्यावा लागला. ज्याने पैसे मोजले होते, त्याला ती जमीन आपली वाटत होती.

बंदूक न उचलता आपल्यालाही असे पैसे मोजून जंगल आपलं करता येईल. माधव उद्यानात १० मार्च २०२३ रोजी वाघ पुन्हा सोडले गेले आणि बरोबर दोन वर्षांनी, १० मार्च २०२५ रोजी, व्याघ्रप्रकल्पाचं उद्घाटन झालं. म्हणजे सगळं नुकतंच सुरू होतंय. सवयी आत्ता लागतील त्याच टिकतील. म्हणून तिकीट काढून जा. ओळखीचा पास, साहेबांची चिठ्ठी, 'आम्ही इथलेच' ही सबब, यातलं काहीही नको. गाडी आणि गाइड तिथलेच घ्या, जेवायचं ते गावातल्या माणसाकडे जेवा. पुण्या-नागपूरचे पाहुणे घरी आले, तर किल्ला आणि तानसेनची समाधी दाखवून परत पाठवू नका, शिवपुरीलाही न्या.

सगळ्यात महत्त्वाचं, हिशेब मागा. प्रत्येक व्याघ्रप्रकल्पासाठी एक प्रतिष्ठान असावं, हे २००६च्या दुरुस्तीने कायद्यात आलं आणि आसपासच्या गावांचा विकास हेही त्याचं काम ठरलं. दरवाजावर किती पैसे जमले आणि त्यातले गावांत किती पोहोचले, हे दर वर्षी जाहीर करा, असं पत्र आपल्या मंडळांनी, सहकारी संस्थांनी, महिला मंडळांनी प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांना लिहावं. पत्र एक पानाचं पुरे, सह्या मात्र भरपूर हव्यात.

आपल्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांनाही एक विनंती. भिंतीवर आजोबांच्या काळचं वाघाचं मुंडकं किंवा पेटीत कातडं असेल, तर त्याच्या मालकीचा दाखला शोधा. ते विकणं गुन्हा आहे. ठेवायचं नसेल, तर दाखलाधारकाला ते वनखात्याकडे स्वेच्छेने जमा करता येतं, २०२२च्या दुरुस्तीने तशी सोय केली आहे. मोबदला मिळत नाही. तरीही जमा करा.

आणि हरणाचं मांस कुणी देऊ केलं, तर नुसतं नाही म्हणून थांबू नका, वनखात्याला कळवा. १४ मे २०२२च्या पहाटे गुना जिल्ह्यात आरोनजवळ काळवीट मारणाऱ्या टोळीने तीन पोलिसांना गोळ्या घातल्या. ते मांस कुणाच्या तरी ताटात जाणार होतं. ते ताट आपल्या घरातलं नसावं.

पत्राचा मसुदा या आठवड्यातच तयार करा, येत्या रविवारी सह्या गोळा करा आणि १ ऑक्टोबरच्या आत ते शिवपुरीला पोहोचवा.