थोडी डुकरे, पण बंद गोठ्यात

वराहपालनाचा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष त्याचे नावही काढू देत नाही. दुसरा पक्ष मोठ्या प्रकल्पाखेरीज काही बोलत नाही. दक्षिण कोकण व गोवा ह्या भागांतील थोडक्या गुंठ्यांच्या भातशेतकऱ्यास ह्या दोहोंचाही उपयोग नाही. घरचा कोंडा, कणी व परसातील पाला ह्यांवर पोसलेली दोन ते चार डुकरे वर्षातून एकदा मांसासाठी विकावी, एवढेच त्याच्या आवाक्यातले आहे. हा जोडधंदा फायद्याचा आहे असे आमचे मत आहे; परंतु एका अटीवर. घरी आणल्या दिवसापासून विक्रीच्या दिवसापर्यंत जनावर बंद गोठ्यातच राहिले पाहिजे. ही अट पाळावयाची नसेल, तर डुक्कर न पाळणेच गावाच्या हिताचे होय.

अट इतकी कडक का, हे समजून घ्यावे. मोकाट डुक्कर उघड्यावरील विष्ठा खाते. ती विष्ठा पोटात चपटा जंत असलेल्या माणसाची असेल, तर जंताची अंडी डुकराच्या पोटात जातात व त्याच्या मांसात लहान लहान गाठी धरतात. असे मांस अर्धेकच्चे खाणाऱ्याच्या आतड्यात नवा जंत वाढतो आणि पुन्हा अंडी बाहेर पडू लागतात. येथवरचा प्रश्न मांस खाणाऱ्यांचा आहे, असे म्हणून कोणी हात झटकील. परंतु हीच अंडी न धुतलेल्या भाजीवाटे, दूषित पाण्यावाटे किंवा अस्वच्छ हातांवाटे कोणाच्याही पोटात गेली, तर गाठी मेंदूत होऊ शकतात व त्या माणसास फेफरे येऊ लागते. ज्याने जन्मात डुकराचे मांस चाखले नाही, त्यासही हा विकार होतो. गोव्यात पूर्वी शौचकूपालाच डुकरांची जागा जोडण्याची रीत होती. तीत मैला नाहीसा होई हे खरे. पण जंताचे चक्रही तेथेच पुरे होई. म्हणून घरात शौचालय आणि परसात बंद गोठा ह्या दोन गोष्टी जोडीनेच झाल्या पाहिजेत.

गोठ्यास फार खर्च लागत नाही. वाढत्या डुकरामागे सुमारे १५ चौरस फूट छपराखालची जागा व तेवढेच मोकळे आवार, उताराची घट्ट जमीन, सावली आणि सदैव स्वच्छ पाणी एवढे असले म्हणजे पुरे. डुकरास अंगातून घाम फारसा येत नाही. म्हणून उन्हाळ्यात अंगावर पाणी मारावे. पिल्लू एकटे ठेवू नये. जोडीने ते चांगले खाते.

आरंभी मादी व नर ठेवून पैदास करण्याच्या भरीस पडू नये. मार्च-एप्रिलमध्ये दूध तुटलेली, दोन महिन्यांची, १० ते १२ किलो वजनाची पिल्ले खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावी. लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या संकराची पिल्ले लवकर वाढतात. अगोंदा गोवन ही गोव्याची नोंदणीकृत देशी जात काटक आहे, पण अंगाने लहान. ह्या वेळेस घेतलेली पिल्ले नाताळच्या सुमारास विक्रीस येतात. गोव्यात त्या वेळी मांसास मागणी असते. पुढे उपवासकाळात ती मंदावते.

आता हिशेब पाहू. वजनात एक किलो वाढ होण्यास साधारणतः चार किलो खाद्य लागते. १२ किलोचे पिल्लू ९० किलोचे करावयाचे म्हणजे तीन क्विंटलांहून थोडे अधिक खाद्य झाले. ते सगळे बाजारातून आणले, तर नफा दुकानदाराच्या पदरी पडतो. घरचा कोंडा, कणी, अळू, फणसाचा गर व थोडी पेंड मिळून निम्मे खाद्य घरून निघत असेल, तेवढीच डुकरे पाळावी. हॉटेलातील उष्टे आणले, तर ते अर्धा तास खळखळून उकळल्याविना देऊ नये. त्यात मीठ पुष्कळ असते. पिण्यास पाणी कमी पडल्यास त्याने जनावर दगावते.

विक्री अंदाजाने करू नये. काटा नसल्यास छातीचा घेर मीटरमध्ये मोजावा, त्यास त्याच आकड्याने गुणावे, मग कानांमधून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीने व शेवटी ६९ ने गुणावे. घेर १.०५ व लांबी १.२० असेल, तर वजन सुमारे ९१ किलो येते. एवढे जाणणाऱ्यास खाटीक सहसा फसवीत नाही.

सर्वांत मोठा धोका आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा आहे. २०२० मध्ये हा रोग भारतात प्रथम आसाम व अरुणाचल प्रदेशांत आढळला. माणसास तो होत नाही; पण डुकरांत त्यावर उपचार नाही, आणि नेहमीच्या स्वाइन फीव्हरची लस ह्यावर चालत नाही. ती लस टोचून घ्यावीच, मात्र तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. रोगाचा विषाणू कच्च्या मांसातून, उष्ट्यातून, वाहनातून व बुटांच्या तळव्यांवरूनही येतो. जनावरे एकाएकी ताप येऊन मरू लागली, तर उरलेली घाईने विकून टाकण्याचा मोह होतो. तो एका घराचा तोटा वाचविण्यासाठी सबंध तालुक्याचा नाश करणारा आहे. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे.

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ मध्ये सुधारलेल्या योजनेत १०० माद्या व १० नर अशा पैदास केंद्रास ५० टक्के, कमाल ३० लाख रुपये अनुदान ठेवले गेले. ज्यांच्याजवळ भांडवल व अनुभव आहे, त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. अनुदानाच्या आशेने पहिल्याच वर्षी शंभरांवर उडी घेणे मात्र लहान शेतकऱ्यास झेपणारे नाही. दोन डुकरे नीट वाढवून विकली, की तिसऱ्याचे गणित आपोआप कळते.

शेवटी गावपातळीवरील कार्यकर्त्यांस एक विनंती. गाई-म्हशींच्या गोठ्यात आपण आपुलकीने जातो. डुकरे पाळणाऱ्याच्या दारावरून मात्र पुष्कळदा तसेच पुढे जातो. लस, औषध व सल्ला ज्या घरी पोचत नाही, त्याच घरची जनावरे मोकाट सुटतात, आणि मग त्या घरास नावे ठेवण्यास सारा गाव पुढे होतो. पुढच्या फेरीत त्या दारी थांबावे, गोठा पाहावा, जंताचे औषध द्यावे. हा धंदा स्वच्छ व्हावा असे वाटत असेल, तर तो करणाऱ्या माणसास आधी मानाने वागविले पाहिजे.