नदीचे आकडे कुलपात कशासाठी?

लखनौमध्ये गोमतीच्या तटबंधावर उभे राहिले की नदीपेक्षा तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीच आधी नजरेत भरतात. १९६० च्या महापुरात पाणी हजरतगंजसारख्या मध्यवस्तीत शिरले आणि त्यानंतर शहराला तटबंधांचे संरक्षण देण्यात आले. गेल्या दशकात नदीकाठच्या सुशोभीकरणासाठी पात्रालगत काँक्रीटच्या भिंतीही उभ्या राहिल्या. अलीकडेच तेथे एका तरुण जलविज्ञान संशोधिकेशी माझे बोलणे झाले. त्रिभुज प्रदेशांतील पूरधोका हा तिचा अभ्यासविषय. समुद्रापासून इतक्या दूर बसून तो अभ्यास कसा होतो, असे मी विचारले. तिचे उत्तर सोपे होते : पिलीभीत जिल्ह्यात उगम पावणारी गोमती सुमारे ९६० किलोमीटर वाहून कैथीजवळ गंगेला मिळते, आणि गंगा जे पाणी व जो गाळ घेऊन जाते त्यावरच सुंदरबनाचे भवितव्य ठरते.

त्रिभुज प्रदेशाची जमीन मुळात पुरानेच घडवलेली असते. दरवर्षी येणारा गाळ तिची झीज भरून काढतो. हा गाळ धरणांत आणि बंधाऱ्यांत अडला, तर जमीन खचत जाते आणि समुद्र वर येत राहतो. २००९ च्या मे महिन्यात ‘आयला’ चक्रीवादळाने सुंदरबनातील तटबंध फोडले, तेव्हा शेतांत शिरलेल्या खाऱ्या पाण्याने या असमतोलाची किंमत दाखवून दिली. पुढचा धोका किती, हे सांगायचे तर वरून किती पाणी येते, त्याबरोबर किती गाळ येतो आणि यात वर्षानुवर्षे काय बदल झाला, हे ठाऊक हवे.

नेमके तेच या संशोधिकेला सहजी मिळत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या जल-हवामान माहितीविषयक धोरणानुसार सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा या खोऱ्यांतील विसर्गाची माहिती ‘वर्गीकृत’, म्हणजे गोपनीय आहे. पूर-अंदाज केंद्रांवरची पाणीपातळी कोणालाही पाहता येते, पण पात्रातून किती पाणी वाहिले, याची मालिका हवी असेल तर परवानग्या आणि गोपनीयतेची हमी यांतून जावे लागते. त्यामुळे गंगेवरील अनेक अभ्यास बांगलादेशातील हार्डिंग पुलाजवळच्या मोजणीवर विसंबतात. आपल्याच नदीविषयी आपल्या अभ्यासकाने शेजाऱ्याच्या नोंदवहीत डोकवावे, याहून विचित्र स्थिती कोणती?

आकडे हाती असले की काय घडते, याचे उत्तम उदाहरण याच देशात आहे. १९२२ च्या उत्तर बंगालमधील पुरानंतर पाणी अडवून ठेवणारे खर्चीक जलाशय बांधण्याचा प्रस्ताव होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी सुमारे ५० वर्षांच्या पाऊस-पुराच्या नोंदी तपासून दाखवले की त्यांचा उपयोग होणार नाही. गरज आहे ती पाण्याचा जलद निचरा होण्याची. १९२६ मध्ये ओडिशात ब्राह्मणी नदीला पूर आला, तेव्हा अभियंत्यांचे मत होते की पात्र उथळ झाले असून तटबंध उंच करावेत. महालनोबिस यांनी ६० वर्षांच्या नोंदी मांडून पात्रात लक्षणीय बदल झालेला नसल्याचे सिद्ध केले आणि वरच्या भागात धरणे बांधण्याचा पर्याय सुचवला. धरणे गाळ अडवतात, हे आता आपल्याला कळते. त्यामुळे तो पर्याय आज वादग्रस्त ठरेल. पण त्या वादासाठीही आकडेच लागतात. परक्या राजवटीत एका भारतीय वैज्ञानिकाला सरकारी अभियंत्यांचे म्हणणे आकड्यांनिशी खोडता आले, हे विसरून चालणार नाही.

या गोपनीयतेमागे राष्ट्रीय सुरक्षेचे कारण दिले जाते. या नद्या सीमा ओलांडतात आणि पाणीवाटपाच्या वाटाघाटींत माहिती हेच बळ असते, हा युक्तिवाद पूर्णपणे पोकळ नाही. १९९६ चा भारत-बांगलादेश गंगाजल करार ३० वर्षांचा, त्याची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. तेव्हा सावधगिरी समजू शकते. परंतु २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिका आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थांनी सोडलेला ‘स्वॉट’ उपग्रह जगभरच्या मोठ्या नद्यांची पातळी आकाशातून मोजतो. ज्यांच्यापासून माहिती लपवायची, त्यांना ती अन्य मार्गांनी मिळू शकते. वंचित राहतात ते आपले विद्यार्थी, आपल्या नगरपालिका आणि तटबंधाआड राहणारी माणसे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, तेव्हा अलमट्टीच्या फुगवट्यावर आकड्यांनिशी वाद घालता आला, कारण कृष्णा खोरे या गोपनीयतेच्या कक्षेबाहेर आहे. पाटणा किंवा लखनौच्या नागरिकांना तोच हक्क का नसावा?

किमान दहा वर्षांपूर्वीच्या विसर्गाच्या आणि गाळाच्या सर्व नोंदी खुल्या कराव्यात. ताज्या नोंदींबाबत वाटाघाटींपुरती बंधने राहू द्यावीत. एवढ्याने सुरक्षेला बाधा येणार नाही. उलट, कोणता तटबंध उंचवावा, कोणता मागे घ्यावा आणि कोणत्या पूरमैदानावर बांधकाम होऊच देऊ नये, हे पुढचा पूर येण्याआधी ठरवता येईल. आज तो निर्णय नागरिकांच्या वतीने, पण त्यांना आकडे न दाखवता घेतला जातो. आणि तो चुकला, तर बुडते ते त्यांचेच घर.