मुरमं बरी होतात, ‘गोरं करणारी’ ट्यूब घात करते



नृसिंहवाडी, कुरुंदवाड, शिरोळ भागातल्या वस्त्यांत आम्ही आरोग्य तपासणीला जातो, तेव्हा दहावी-बारावीच्या मुली सगळ्यांदेखत काही बोलत नाहीत. गर्दी पांगली की हळूच विचारतात, “मॅडम, तोंडावरच्या पुळ्यांना काय लावू?” मुलगे तर विचारतही नाहीत. रुमाल बांधून फिरतात. मोठ्यांना हा नखरा वाटतो. आम्हाला तसं वाटत नाही. ज्या मुलीला वर्गात उभं राहून उत्तर द्यायची लाज वाटते, तिचं शिक्षणच अडलेलं असतं.

आधी कारण समजून घेऊ. वयात येताना मुलामुलींच्या शरीरात हार्मोन्स वाढतात. त्यामुळे कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. तेल आणि मेलेल्या पेशी मिळून छिद्राचं तोंड बंद करतात, आत जंतू वाढतात आणि पुळी सुजते. काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे, म्हणून घासून तो जात नाही. ‘पोटात उष्णता झाली’, ‘वाईट विचार करते’, ‘लग्न झालं की जातील’ ही बोलणी सोडून द्या. मुरमं हा कुणाचाही दोष नाही.

खरा धोका पुढे आहे. घरातलं कुणी दुकानातून एक ट्यूब आणतं. आठ दिवसांत चेहरा उजळतो आणि ती ट्यूब शेजारच्या चार घरांत पोहोचते. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. पाकिटावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं बघा. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, केस उगवतात आणि मुरमं दुपटीने येतात. बंद केलं की आग होते, म्हणून मुलगी परत तेच लावते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरीही ती सहज मिळतात.

बिननावाच्या क्रीमची गोष्ट आणखी गंभीर आहे. 2023 मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं उघड झालं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा चेहऱ्याला लावायच्या क्रीममधला पारा कारण निघाला.

हे सगळं कशासाठी? तर गोरं दिसण्यासाठी. 2020 मध्ये एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढला गेला; आपल्या स्थळांच्या बोलण्यातून ‘मुलगी गोरी आहे ना?’ हा प्रश्न काही गेला नाही. जन्मावरून माणसाची किंमत करणं आपण नाकारलं, मग कातडीच्या रंगावरून करणं कसं चालवून घेतो?

मग करायचं काय? दिवसातून दोनदा साध्या साबणाने तोंड धुवा. उसाच्या रानातून आल्यावर घाम-माती धुवा, पण खसखसून घासू नका. पुळ्या फोडू नका. डाग आणि खड्डे त्यानेच पडतात. लिंबू, सोडा, टूथपेस्ट लावू नका. डोक्याचं तेल कपाळावर ओघळू देऊ नका. थोडी मुरमं असतील तर अडीच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल डॉक्टरांना विचारून रात्री पातळ लावा. ते कपड्याला लागलं तर रंग उडतो. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. आपल्या सावळ्या कातडीवर मागे राहिलेले काळे डाग जायला काही महिने जातात. घाई केली की माणूस ट्यूबकडे वळतो.

गाठी दुखत असतील, खड्डे पडत असतील तर सरकारी दवाखाना गाठा. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. पाळी अनियमित असून ओठावर, हनुवटीवर केस वाढत असतील, तर हार्मोनची तपासणी हवी. मुरमांच्या काही गोळ्या गरोदरपणात बाळाला घातक असतात, म्हणून दुसऱ्याची चिठ्ठी वापरू नका. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असतात, तिथे मुलामुलींशी मोकळेपणाने बोललं जातं. तुमच्या भागात ते कुठे आहे, आशाताईंना विचारा.

आमची मागणी तीन ठिकाणी आहे. औषध दुकानदारांनी चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड देऊ नये. शाळांनी वयात येण्याच्या तासाला मुरमांवरही बोलावं आणि मुलांनाही त्या तासाला बसवावं. आणि आयांनो, मावश्यांनो, भेटल्या भेटल्या “काय गं, तोंडाला काय झालंय?” असं विचारणं आपण आजपासून बंद करू. अभ्यास कसा चाललाय, हे विचारू. घरात अशी ट्यूब असेल तर आजच पाकीट वाचा. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद न करता ती घेऊन डॉक्टरांकडे जा.