काळ आला होता, पण...

अपघातातून कोणी वाचला की आपण सहज म्हणतो, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." 'फायनल डेस्टिनेशन २' हा डेव्हिड एलिस दिग्दर्शित अमेरिकन भयपट (२००३) नेमके उलट सांगतो. वेळ टळली तरी काळ टळत नाही!

किंबर्ली या तरुणीला महामार्गावरचा भीषण अपघात आधीच दिसतो. ओंडके वाहणाऱ्या ट्रकची साखळी तुटते आणि मागच्या गाड्यांचा चुराडा होतो. ती आपली गाडी वाटेत आडवी घालून मागच्यांना अडविते. ती माणसे वाचतात. परंतु मृत्यू त्यांना एकेक करून गाठतो. कुणाला लिफ्टमध्ये, तर कुणाला कोसळत्या काचेखाली.

आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हा मृत्यू एखाद्या चोख हिशेबनीसासारखा वाटेल. त्याच्या खातेवहीत वाचलेला प्रत्येक जीव म्हणजे थकबाकी! रोरी नावाचा तरुण एका शेतकऱ्याच्या मुलाला भरधाव गाडीसमोरून मागे ओढतो. पुढे रोरी मरतो आणि अखेरच्या दृश्यात तो मुलगाही स्फोटात मरतो. तेही जणू एखादा विनोद म्हणून! माझा आक्षेप आहे तो इथेच. वाचविणाऱ्याचे उपकारही ज्या वहीत कर्ज म्हणून लिहिले जातात, ती वही खरी कशी मानावी?

याच चित्रपटात या हिशेबाला उत्तरही आहे. २००० सालच्या पहिल्या भागात वाचलेली क्लिअर मनोरुग्णालयाच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन बसली आहे. तेथे ती सुरक्षित आहे. पण त्याला जगणे म्हणता येईल काय? इतरांना वाचविण्यासाठी ती बाहेर पडते आणि त्यातच प्राण गमावते. हिशेबाने हा तोटाच. तरीही संपूर्ण चित्रपटात मला तीच खरी जिवंत वाटली.

मित्रहो, हा प्रश्न केवळ पडद्यावरचा नाही. आपल्या बेळगावजवळून जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गावर उद्या कोणी जखमी होऊन पडला, तर आपण काय करणार? मदत करणाऱ्याला नाहक कारवाईपासून संरक्षण देणारी तरतूद २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने केली आहे. मग उरते ती फक्त आपली सबब : "त्याची वेळच आली होती." मरणाला कायमचे फसविणे कुणालाच साधलेले नाही. पण एखाद्याची वेळ आली नाही, त्यामागे पुष्कळदा कुणाचा तरी हात असतो. तो हात आपला का असू नये?